कोंडवाड्याचा हिशेब : खासगी तुरुंगाच्या सेवेवर एका निवृत्त लेखापरीक्षकाचा अभिप्राय

सांगलीतील आमच्या वाचनालयात दर महिन्याला एका विषयावर चर्चा ठेवली जाते. मागच्या खेपेस विषय ठेकेदारीचा होता. माझा पुतण्या बांधकाम क्षेत्रात निविदांचेच काम पाहतो. रस्ते, कचरा, रुग्णालयांतील साफसफाई हे सारे ठेक्याने जात असताना तुरुंग तेवढे सरकारनेच चालवावेत हा हट्ट कशासाठी, असा प्रश्न त्याने मांडला. "काका, तासवड्याचा टोल तुम्ही कुरकुरत का होईना भरताच, मग तुरुंगालाच सोवळे का?" असे त्याने सर्वांसमक्ष विचारले. माझी नोकरीची सगळी वर्षे ग्रामपंचायती आणि नगरपालिका यांचे ठेके तपासण्यात गेली. त्यामुळे तत्त्वचर्चेपेक्षा कागद बरा, असे वाटून मी सांगितले की ज्यांनी ही सेवा विकत घेऊन पाहिली आहे त्यांचा अनुभव वाचून लेखी अभिप्राय देईन. तो पुढे देत आहे.

सुरुवात मात्र मला एका कोंडवाड्यापासून करावी लागेल. नोकरीच्या पहिल्या वर्षांत जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका ग्रामपंचायतीचे दप्तर माझ्यापुढे आले. पंचायत दरवर्षी कोंडवाड्याचा लिलाव करी आणि सर्वांत मोठी बोली बोलणारा वर्षभर मोकाट जनावरे कोंडून त्यांच्या मालकांकडून दंड व खुराकीचे पैसे वसूल करी. त्या वर्षी बोली नेहमीपेक्षा बरीच चढली होती आणि कोंडलेल्या जनावरांची संख्याही तशीच चढली होती. कारण दप्तरातच होते. बांधावर चरणारी म्हैस ठेकेदाराची पोरे हाकलून दुसऱ्याच्या पिकात घालतात आणि तिथून कोंडवाड्यात नेतात, अशी चार-पाच शेतकऱ्यांची तक्रार होती. म्हैस मोकाट नव्हतीच, ती मोकाट ठरविली गेली होती. डोईमागे पैसे मिळणार असतील तर डोकी वाढविण्याची सोय ठेकेदार शोधतोच, हे मला कोणत्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकाआधी त्या फायलीने शिकविले. खासगी तुरुंगाचा इतिहास वाचताना ती फाईल मला पानोपानी आठवत होती.

परीक्षणासाठी मी अमेरिकेच्या आयडाहो राज्यातील, बॉयसी शहराच्या दक्षिणेस असलेला तुरुंग निवडला, कारण त्याचा हिशेब न्यायालयात आणि वर्तमानपत्रांत पुरता उघडा झाला आहे. इमारत राज्याची होती आणि चालविण्याचा ठेका करेक्शन्स कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीकडे होता. कामकाज २००० साली सुरू झाले. क्षमता सुमारे २,०८० कैद्यांची होती आणि ठेक्याची वार्षिक रक्कम सुमारे २ कोटी ९० लाख डॉलर होती. ही कंपनी १९८३ मध्ये टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे स्थापन झाली. टॉम बीस्ली हे राज्यातील रिपब्लिकन पक्षाचे माजी अध्यक्ष, डॉक्टर क्रँट्स हे त्यांचे सहकारी (यातील 'डॉक्टर' हे पदवी नसून पाळण्यातले नाव आहे) आणि डॉन हटो हे सरकारी तुरुंग खात्यात मुरलेले अधिकारी, असे तिघे संस्थापक. त्यांचे पहिले काम टेक्सासमधील ह्यूस्टन येथील होते. परदेशी स्थलांतरितांना ठेवण्यासाठी नव्वद दिवसांत जागा हवी होती आणि इमारत तर उभी राहिली नव्हती, म्हणून त्यांनी एक मोटेलच भाड्याने घेतले, भोवती कुंपण घातले आणि जानेवारी १९८४ मध्ये तिथे माणसे आणून ठेवली. मुदत पाळण्याच्या बाबतीत मी या कंपनीला पूर्ण गुण देतो. आपल्याकडच्या कित्येक ठेकेदारांना नव्वद दिवसांत पायाही खोदता येत नाही. दुसऱ्याच वर्षी कंपनीने टेनेसीचे सगळेच तुरुंग ९९ वर्षांच्या कराराने चालवायला मागितले. राज्याने ते दिले नाहीत.

आयडाहोच्या तुरुंगात मारामाऱ्या इतक्या नित्याच्या झाल्या की कैद्यांनीच त्याला 'ग्लॅडिएटर स्कूल' हे नाव पाडले. रोमन काळी ज्या गुलामांना लोकांच्या करमणुकीसाठी झुंजविले जाई, त्यांच्यावरून ते नाव आले. आपल्या सांगलीच्या तालमींशी या शाळेचे काहीही नाते नाही. २०१० साली एक कैदी दुसऱ्याला बेदम मारत असताना रक्षक काचेपलीकडून नुसते पाहत असल्याचे चित्रीकरण बाहेर आले. त्याच वर्षी अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या संस्थेने कैद्यांच्या वतीने दावा लावला. २०११ मध्ये तडजोड झाली आणि तिच्यात कंपनीने रक्षकांची संख्या वाढविण्याचे कबूल केले. कागदावर ती वाढलीही. पुढे असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने रक्षकांच्या पाळ्यांच्या नोंदी मागविल्या, तेव्हा काही रक्षक सलग २४ तास, काही तर सलग ४८ तास कामावर असल्याचे त्यांत दिसले. राज्याने चौकशी सुरू केली आणि एप्रिल २०१३ मध्ये कंपनीने स्वतःच मान्य केले की २०१२ मधील सात महिन्यांत जवळपास ४,८०० तासांच्या हजेरीच्या नोंदी खोट्या होत्या.

येथे थोडे थांबावे लागेल, कारण माझ्या धंद्यातला माणूस या आकड्यावरून सहज पुढे जाऊ शकत नाही. आठ तासांची एक पाळी धरली तर या सहाशे पाळ्या होतात. म्हणजे सहाशे वेळा ज्या दारापाशी, ज्या मार्गिकेत कंत्राटाने माणूस ठेवणे बंधनकारक होते तिथे कोणीही नव्हते, आणि त्या रिकाम्या जागेचे पैसे राज्याच्या तिजोरीतून मागितले जात होते. हजेरीपटावरचे खोटे अंगठे ओळखण्यात आम्हा लोकांची हयात गेली. पण रस्त्याच्या कामावर चार मजूर कमी आले तर रस्ता चार दिवस लांबतो. तुरुंगात चार रक्षक कमी आले तर कोठडीतला सर्वांत आडदांड माणूसच रक्षक होऊन बसतो. ही लबाडी एखाद्या पाळीप्रमुखाच्या लहरीने झाली असे मानणे मला कठीण जाते. तुरुंगाच्या खर्चाचा सर्वांत मोठा वाटा पगाराचा असतो, ठेक्याचा दर कैद्यामागे रोजचा अमुक असा ठरलेला असतो आणि नफा याच दोहोंच्या फटीतून काढायचा असतो. भिंत पातळ करता येत नाही, अन्न एका मर्यादेपलीकडे कमी करता येत नाही, तेव्हा कात्री लागते ती माणसांवर.

सप्टेंबर २०१३ मध्ये संघीय न्यायालयाने तडजोड मोडल्याबद्दल कंपनीला न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी धरले. जानेवारी २०१४ मध्ये राज्यपाल बुच ऑटर यांनी हा तुरुंग राज्य स्वतः चालवील असे जाहीर केले. हे गृहस्थ खासगीकरणाचे जुने पुरस्कर्ते, म्हणून या घोषणेला अधिक वजन. कंपनीने १० लाख डॉलर भरून वाद मिटविला आणि १ जुलै २०१४ रोजी किल्ल्या राज्याकडे परत आल्या. फौजदारी चौकशीही झाली, पण कोणावर आरोप ठेवले गेले नाहीत. ज्या ठेक्याची वार्षिक रक्कम २ कोटी ९० लाख, त्यात १० लाखांची भरपाई म्हणजे साधारण साडेतीन टक्के. आमच्याकडे रस्त्याच्या कामात सुरक्षा अनामत याहून अधिक कापून ठेवतात.

पुतण्या म्हणेल, एका वाईट ठेकेदारावरून पद्धतीला नावे ठेवू नयेत. त्याचा हा आक्षेप रास्त आहे, म्हणून मी मागचे दप्तरही पाहिले. ठेक्याने तुरुंग चालविणे ही १९८३ ची कल्पना नव्हेच, उलट सरकारने पगारी नोकर ठेवून तुरुंग चालविणे हीच नवी गोष्ट आहे. अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये तुरुंगाधिकाऱ्याचे पद विकत मिळे. लंडनच्या फ्लीट तुरुंगाचे पद थॉमस बॅम्ब्रिज याने एका भागीदारासह १७२८ च्या सुमारास ५,००० पौंडांना घेतले आणि ती रक्कम कर्जबाजारी कैद्यांकडून वसूल करायला सुरुवात केली. बरी खोली हवी तर पैसे, बेड्या काढायच्या तर पैसे, आणि नाही दिले तर बेड्या. १७२९ मध्ये जेम्स ओगलथॉर्प यांच्या संसदीय समितीने तिथे जाऊन पाहिले, तेव्हा हा बाजार उघड झाला. १७७३ साली बेडफर्डशायरचे शेरीफ झालेले जॉन हॉवर्ड यांना याहून विलक्षण गोष्ट आढळली. न्यायालयाने निर्दोष सोडलेली माणसे तुरुंगाधिकाऱ्याची फी देता येत नाही म्हणून आतच होती. त्यांच्या खटपटीतून १७७४ चा कायदा झाला. दंड भरूनही खुराकीपायी म्हैस न सुटावी, तसा हा प्रकार.

यानंतर इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथॅम यांची योजना येते आणि ठेकेदारीच्या बाजूने इतका प्रामाणिक विचार मला दुसरीकडे सापडला नाही. मधल्या मनोऱ्यातून सगळ्या कोठड्यांवर नजर ठेवता येईल असा त्यांचा गोलाकार तुरुंग सर्वांना माहीत असतो, पण तो ते स्वतः ठेक्याने चालविणार होते हे फारसे कोणी सांगत नाही. सरासरीपेक्षा जितके कैदी अधिक मरतील तितक्यांचे पैसे ठेकेदाराने भरावेत, अशी अट त्यांनी स्वतःच सुचविली होती. ठेकेदाराचा स्वार्थ आणि कैद्याचा जीव एकाच दोरीला बांधण्याचा हा विचार मला मनापासून आवडतो. पण तो तुरुंग उभा राहिलाच नाही. सरकारने अखेर योजना सोडली आणि १८१३ मध्ये बेंथॅम यांना २३,००० पौंड नुकसानभरपाई दिली. नंतरच्या काळातील ज्या ठेक्यांविषयी मी वाचले, त्यांत ही अट कुठे दिसली नाही.

अमेरिकेत १८२५ साली केंटकी राज्याने आपला तुरुंग जोएल स्कॉट या व्यापाऱ्याला भाडेपट्ट्याने दिला, कारण तो तोट्यात होता आणि कैद्यांच्या श्रमातून मालक पैसे काढील आणि राज्यालाही देईल अशी सोय होती. यादवी युद्धानंतर दक्षिणेकडील राज्यांनी हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरली. गुलामगिरी घटनेने बंद केली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचे श्रम चालू राहू दिले, आणि त्या फटीतून खाणी, लोहमार्ग व लाकूडतोडीला फुकट हात मिळाले. त्यांत बहुतेक कृष्णवर्णीय होते. हे सर्व बंद पडण्यास जे प्रकरण बरेच कारण झाले, ते मात्र नॉर्थ डकोटातील एका गोऱ्या शेतकऱ्याच्या मुलाचे होते. बावीस वर्षांचा मार्टिन टॅबर्ट डिसेंबर १९२१ मध्ये फ्लोरिडात विनातिकीट आगगाडीने जाताना पकडला गेला. दंड २५ डॉलर, नाही तर ९० दिवस. शेरीफाने त्याला लाकूड कंपनीकडे पाठविले, कारण पाठविलेल्या दर माणसामागे त्याला कंपनीकडून २० डॉलर मिळत. घरच्यांनी पैसे पाठविले, पण पाकीट परत आले. फेब्रुवारी १९२२ मध्ये छावणीतील मुकादमाच्या चाबकाने झालेल्या माराने तो मेला. १९२३ मध्ये फ्लोरिडाने ही पद्धत बंद केली. अलाबामाने १९२८ पर्यंत वेळ घेतला. २० डॉलर कमावण्यासाठी २५ डॉलरचा दंड न स्वीकारणारा तो शेरीफ आणि बांधावरची म्हैस पिकात घालणारी ती पोरे यांत मला रकमेपलीकडे फरक दिसत नाही.

आजचे ठेके एवढे उघडे नाहीत. आज डोकी वाढविण्याची सोय कराराच्या भाषेत असते. पुतण्याला टोलच्या करारातील वाहनसंख्येच्या हमीचे महत्त्व सांगायला नको. २०१३ च्या एका अमेरिकी अभ्यासात ६२ करार तपासले गेले आणि त्यांतील ४१ करारांत सरकारने ठराविक खाटा भरलेल्या राहतील अशी हमी दिलेली आढळली. ती ८० टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंत होती. खाट रिकामी राहिली तरी भाडे द्यायचेच. त्याआधी २०१२ मध्ये आयडाहोचा तुरुंग चालविणाऱ्या त्याच कंपनीने ४८ राज्यांना पत्र लिहून तुरुंग विकत घेण्याची तयारी दाखविली, २५ कोटी डॉलर बाजूला ठेवल्याचे कळविले आणि बदल्यात वीस वर्षांचा करार व ९० टक्के भरतीची हमी मागितली. गुन्हे कमी झाले तर तोटा सोसणारा पक्ष सरकार असेल, असा करार मी तपासायला घेतला असता तर पहिल्याच पानावर लाल शेरा मारला असता. (कंपनीने २०१६ मध्ये नाव बदलून कोअरसिव्हिक असे घेतले आहे.)

स्वस्ताईच्या दाव्याबाबत थोडक्यात लिहितो. ॲरिझोनाच्या आकडेवारीवरून २०११ मध्ये दिसले की खासगी तुरुंगांत बचत जवळपास होत नाही, कारण आजारी आणि सांभाळायला महाग कैदी ते घेतच नाहीत आणि ते सरकारी तुरुंगांच्या वाट्याला जातात. सोपे रुग्ण ठेवून अवघड रुग्ण सिव्हिलला पाठविणारी पद्धत ओळखायला कोणाला अमेरिकेत जायला नको.

न्याय म्हणून इंग्लंडची चांगली बाजूही सांगतो. तिथला पहिला आधुनिक खासगी तुरुंग, वोल्ड्स, एप्रिल १९९२ मध्ये ग्रुप ४ या कंपनीने सुरू केला. तिथे कैद्यांना कोठडीबाहेर अधिक वेळ मिळे आणि कर्मचाऱ्यांची वागणूक सरकारी तुरुंगांपेक्षा सभ्य असल्याचे लोक सांगत. जुन्या खात्याला नव्या माणसांनी शिकवावे असे काही तिथे होते, हे मी नाकारणार नाही. २०१३ मध्ये तो सरकारकडे परत गेला. बर्मिंगहॅमचे उदाहरण याच्या उलट आहे. १८४९ चा तो जुना तुरुंग ऑक्टोबर २०११ मध्ये जी४एस कंपनीकडे गेला, डिसेंबर २०१६ मध्ये तिथे मोठी दंगल झाली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारला हस्तक्षेप करून ताबा घ्यावा लागला. तुरुंग बिघडला तर ठेकेदाराला काढता येते, हा पुतण्याचा मुख्य मुद्दा. येथे काढता आले खरे, पण दंगलीनंतर वीस महिन्यांनी.

इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रश्न पैशावरून हलविला. नोव्हेंबर २००९ मध्ये आठ विरुद्ध एक अशा बहुमताने त्याने खासगी तुरुंगाचा कायदाच रद्द केला. माणसाचे स्वातंत्र्य काढून घेण्याचा अधिकार नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीकडे देणे हाच त्याच्या प्रतिष्ठेचा भंग आहे, असे त्यात म्हटले होते. लेखापरीक्षकाच्या भाषेत हे आणता येत नाही, परंतु सेवेच्या परीक्षणातला पहिलाच प्रश्न, ग्राहक कोण, याचे उत्तर त्यात आहे. खानावळ आवडली नाही तर आपण उठून जातो. या सेवेत पैसे देणारा आत राहत नाही आणि आत राहणारा उठून जाऊ शकत नाही. तुरुंगातून उठून जाणे म्हटले की सांगलीकराला २४ जुलै १९४३ आठवतो, वसंतदादा आणि त्यांचे सोबती गणेशदुर्गातला तुरुंग फोडून निघाले तो दिवस. पण ती तक्रार परकीय सत्तेविरुद्ध होती, जेवणाविरुद्ध नव्हती.

आपल्याकडे तुरुंग हा राज्यांच्या यादीतील विषय आहे, १८९४ चा कायदा अनेक ठिकाणी अजून आधार आहे आणि कैद्यांची कोठडी कोणत्याही कंपनीच्या ताब्यात नाही. म्हणून प्रश्न काल्पनिक म्हणता येईल. पण २०२२ अखेरच्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातील तुरुंगांची क्षमता ४,३६,२६६ होती, आत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांतील ७५.८ टक्के कच्चे कैदी होते. चारांतील तिघांचा खटला संपायचा आहे. या देशात डोईमागे रोजचा दर ठरवून तुरुंग दिला, तर तारखेला कैद्याला न्यायालयात न नेणारी गाडी, उशिरा पोहोचणारा जामिनाचा कागद, हरवलेली फाईल, यांतील प्रत्येक दिवस ठेकेदाराच्या बिलात जमा होईल. आज हा विलंब आळसातून किंवा अपुऱ्या मनुष्यबळातून होतो. उद्या तो फायद्यातून होईल. माझा मूळ आक्षेप एवढाच आहे, बाकीचे मुद्दे दुय्यम.

सरकारी तुरुंग चांगले चालतात असे यातून कोणी समजू नये. वरच्या आकड्यांतील गर्दी सरकारचीच आहे. मात्र खर्च कमी करायचा असेल तर नमुना आपल्याच जिल्ह्यात आहे. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे १९३९ साली औंध संस्थानाने बिनभिंतींची कैद्यांची वसाहत उभी केली. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचा आश्रय आणि पोलंडहून आलेले अभियंता मॉरिस फ्रीडमन यांची कल्पना, असा तो योग होता. शिक्षा झालेली माणसे तिथे शेती करत कुटुंबासह राहतात. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा गाजलेला चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. कुंपणाचा, मनोऱ्यांचा आणि तिहेरी पाळ्यांचा खर्च तिथे नाही. सगळ्या कैद्यांना असे ठेवता येणार नाही हे उघड आहे, पण जितक्यांना ठेवता येईल तितक्यांपुरते ठेक्याच्या निविदेचे कारणच उरत नाही.

अभिप्राय वाचून पुतण्याने फोन केला आणि फ्रान्सचे उदाहरण दिले. तिथे १९८७ च्या कायद्यापासून कित्येक तुरुंगांत स्वयंपाक, धुलाई, इमारतीची देखभाल खासगी कंपन्या पाहतात, आणि अधिकारी व रक्षक मात्र सरकारचेच राहतात. "म्हणजे काका, किल्ल्या सरकारकडे आणि भाकरी ठेकेदाराकडे, हे तरी चालेल ना?" मी म्हटले, चालेल, फक्त दर डोईमागे नको, आणि भाकरी वजन करून घेणारा माणूस ठेकेदाराच्या पगारावर नको. तो म्हणाला की पुढच्या महिन्याच्या चर्चेसाठी तो असा निविदेचा मसुदाच लिहून आणतो. तपासायला मी बसेन.